चौथा खण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्या आता नाहीत. आणि ज्यांना सांगता आलं असतं त्यांच्यासमोर मी दर वेळी दुसरंच काहीतरी बोलत राहिले — उकाडा, महागलेली भाजी, सोसायटीत न आलेलं पाणी. तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा चेहरा मला दिसत नाही. म्हणूनच कदाचित एवढं लिहून होईल — होईल का?

रंगापासून सुरुवात करते. तेच त्यातल्या त्यात सोपं आहे.

चॉक पेंट ओला असताना घट्ट दह्यासारखा जड असतो आणि वाळला की खडूसारखा कोरडा. तो चकाकत नाही. त्यावर पडलेला उजेड परत येत नाही, आतच मुरतो. जुन्या लाकडावर तो थेट बसतो. घासावं लागत नाही, पॉलिश खरवडावं लागत नाही — हीच त्याची ख्याती. खाली काय होतं हे तो विचारत नाही. वर मेणाचा हात फिरवला की बोटांना तो मऊ लागतो, एखाद्या फळावरच्या लवेसारखा. माझा नवरा सुहास गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी मला या रंगाचा नाद लागला. आधी एक स्टूल रंगवलं. मग दोन खुर्च्या, मग चपलांचं कपाट. जुनं, काळवंडलेलं काहीतरी दुपारभरात फिकट आणि शांत होऊन उभं राही आणि मला वाटे, झालं, एवढं तरी झाकलं गेलं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. घडलं ते असं घडलं, एवढंच.

खराडीच्या त्या नवव्या मजल्यावर आम्ही दोघीच उरलो होतो — मी आणि सुहासच्या आई. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. आयुष्य कवितेच्या संगतीत गेलं. आईंचंही गेलं, पण दुसऱ्या बाजूने. नारायण पेठेतल्या एका लहानशा छापखान्यात त्या तीस वर्षं खिळे जुळवत. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, पट्टीवर उलटं बसवायचं, ओळ भरली की दोऱ्याने आवळायची. त्या सांगत, खिळ्याच्या एका अंगाला बारीकशी खाच असते. नजर मजकुरावर असते, हात कप्प्यात. अक्षर उलटं आलं की सुलटं, हे अंगठ्याला त्या खाचेवरून कळतं. "डोळ्याला विचारत बसलं तर दिवसाला चार ओळी व्हायच्या नाहीत," असं म्हणत. एकदा मी कौतुकाने विचारलं, कविता जुळवताना कसं वाटायचं? म्हणाल्या, "कविता म्हणजे मोकळी जागाच जास्त. आणि ती काय आपोआप पडते होय गं? तीही कोऱ्या शिशाने भरावी लागते." या वाक्यावर मी वर्गात अख्खा तास बोलले आहे. आज ते मला दुसरीकडेच नेतं.

छापखाना बंद झाला तेव्हा खिळे मोडीत गेले आणि ते ज्यात ठेवत ते कपाट आईंकडे आलं. सागवानी, कमरेएवढं उंच, सहा उथळ खणांचं. शाईने आणि हातांच्या तेलाने ते काळं झालं होतं. पण तो काळेपणा वेगळा होता — पितळी मुठींभोवती तुळतुळीत, कडांना खरबरीत, आणि खण ओढला की शाईचा आणि रॉकेलचा एक जुना, थंड वास. आईंचे डोळे काचबिंदूने हळूहळू मिटत गेले. पेठेतली आमची इमारत पाडायला निघाली आणि आम्ही खराडीला आलो, तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढाच भेद उरला होता. नव्या घरातलं काहीच त्यांच्या ओळखीचं नव्हतं. भिंती गुळगुळीत, फरशी गुळगुळीत, दारं एकसारखी. ओळखीचं एकच — ते कपाट. बाहेरून आल्या की चपला काढून त्या सरळ त्याच्यापाशी जात, डावा तळहात त्यावर ठेवत, क्षणभर थांबत. मग त्यांना सारं घर कळे: उजवीकडे पलंग, पाच पावलांवर मोरी, मागे स्वयंपाकघर. होकायंत्र असतं ना — तसं.

आणि त्यांचे हात! मेथीची जुडी त्यांच्यापुढे ठेवावी, गप्पा मारत निवडत, आणि एकही पिवळं पान भाजीत जात नसे. पिवळं पान बोटाला दमट लागतं, असं म्हणत. माझी साडी कोणती आहे हे पदराला हात लावून सांगत. सुहास गेल्यानंतर त्याचे शर्ट आम्ही देऊन टाकले, तेव्हा त्यांनी एक बाजूला काढला. "हा नको देऊस. हा त्याने शेवटी घातलेला." धुऊन, इस्त्री करून ठेवलेला होता तो. मला डोळ्यांनी कळलं नव्हतं.

जीभही तशीच धारदार. माझ्या पहिल्या स्टुलावर हात फिरवून म्हणाल्या, "पावडर लावलीस की काय याला? कुठे निघालंय?" मी हसले. पण आतून लागलंही. खरं सांगायचं तर मला त्यांच्या तोंडची शाबासकी हवी होती आणि ती तिथे शिल्लकच नसे. शाबासकी मिळे ती दुसरीकडे — आम्हा काही बायकांचा फोनवर एक गट होता. जुन्या वस्तूचा आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी-शेजारी टाकायचे. "हात आहेत की काय तुमचे!" असं कुणी लिहिलं की दिवस बरा जाई.

आई बारा दिवसांसाठी साताऱ्याला धाकट्या बहिणीकडे निघाल्या. भाचा गाडी घेऊन आला होता. दारात, काठी हातात घेता घेता म्हणाल्या, "वृंदा, बाकी घराला काय पावडर-कुंकू करायचं ते कर. माझ्या कपाटाला हात लावू नकोस."

"नाही लावणार, आई."

असं म्हणाले. स्पष्ट म्हणाले. आणि लिफ्टचं दार मिटायच्या आत मी ते कपाट मनाशी पारव्याच्या मानेसारखं करडं-निळं रंगवून पाहत होते.

स्वतःला काय सांगितलं? की त्यांना दिसत नाही, तर रंगाने काय बिघडणार? की त्या काळ्या ठोकळ्याने सगळी खोली दबून जाते? हो, हे सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी खण बाहेर काढले, आतल्या वस्तू चादरीवर ओळीने मांडल्या. चॉक पेंटला घासायची गरज नसते, पण फार जुने खळगे असले तर आधी बुजवून घ्यावे लागतात. सुतार ज्याला लांबी म्हणतात तो लगदा पात्याने भरायचा, वाळला की पॉलिश पेपरने एकसारखा करायचा. खणांच्या डाव्या कडेला ओरखडे होते. ते मी भरले. झिजेचे ओरखडे समजून —

नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आले आहे म्हणून हाताने आपसूक लिहिलं. ते खरं नाही.

पहिल्या खणाच्या कडेला एक खाच होती. ती मी ओरखडा समजून भरली. इथवर खरं आहे. दुसऱ्याला दोन होत्या. त्याही भरल्या. तिसऱ्याला तीन — शेजारी-शेजारी, सारख्या अंतरावर, सारख्या खोल. त्या भरून झाल्या तेव्हा उमगलं आणि पातं हातातच राहिलं. ज्या बाईने मला खिळ्यावरची खाच समजावून सांगितली होती, तिने आपल्या अंगठ्यासाठी, कधीतरी सुरीच्या टोकाने, एकेक करून कोरलेल्या त्या खुणा होत्या. एक म्हणजे जपमाळ आणि चष्म्याचं रिकामं घर. दोन म्हणजे औषधं. तीन म्हणजे सुई-दोरा. चार म्हणजे सुहासचा तो शर्ट आणि पत्रं. पाच म्हणजे रुमाल, पट्ट्या, किल्ल्या. सहाव्याला एकही खाच नव्हती — शेवटच्याला खूण कशाला? किती नेटकं होतं ते. कविता शिकवणाऱ्या बाईला तर ते दिसायलाच हवं होतं. आणि दिसलं. मला दिसलं.

लांबी ओली होती. एका पिनेने, पाच मिनिटांत, तिन्ही खणांतून ती काढून टाकता आली असती. खिडकीतून ऊन आत आलं होतं, ओल्या लगद्याचा खडूसारखा वास येत होता, खाली कुणी गाडी मागे घेत होतं आणि तिचा भोंगा एका लयीत वाजत होता. हे सगळं मला आठवतं, कारण मी तिथे बराच वेळ बसले होते. मग मी चौथा खण पुढे ओढला आणि भरला. मग पाचवा.

का? आधीचा फोटो टाकून झाला होता. बायका नंतरच्या फोटोची वाट पाहत होत्या. — एवढंच. याहून मोठं काही शोधायला मी आत पुष्कळ उतरून पाहिलं आहे. तिथे काही नाही.

आई परतल्या. भाच्याने पिशव्या दारात ठेवल्या आणि गाडी रस्त्यात उभी आहे म्हणून तसाच खाली गेला. त्यांनी चपला काढल्या, नेहमीच्या आठ पावलांनी कपाटाशी गेल्या, डावा तळहात टेकवला. आणि तो हात चटका बसावा तसा वर उचलला गेला. पुन्हा टेकवला. कडेवरून अंगठा फिरवला — वरून खाली, एकेका खणावरून. अंगठा काहीतरी शोधत होता. मला ठाऊक होतं काय ते.

"हे आपलं नाही. कुणाचं आहे हे?"

मी दारातल्या पिशव्या उचलून आत घेतल्या.

"वृंदा? रंग दिलास का गं याला?"

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. फार तर काय झालं असतं? चार दिवस बोलल्या असत्या, टोचून, नेमकं, कायम लक्षात राहील असं. मी त्या बोलण्याला घाबरले. एका वाक्याच्या टोमण्याला. पन्नाशीची बाई.

"नाही, आई. तेच आहे, होतं तसंच. प्रवासाने बोटं बधिर झाली असतील. तुम्हालाच वेगळं लागतंय."

तुम्हालाच वेगळं लागतंय. यातला प्रत्येक शब्द मी निवडून ठेवला होता, असं आता वाटतं. त्यांनी पहिला खण ओढला. आत रंग नव्हता. आतून तोच वास आला, शाईचा, रॉकेलचा. वास ओळखीचा आणि स्पर्श परका. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं — सुहासला आणलं तेव्हा. खण आत लोटला आणि म्हणाल्या, "तू म्हणतेस तर असेल."

त्यांनी मला कधी खोटं बोलताना पकडलं नव्हतं. दोन साक्षी समोरासमोर होत्या, त्यांची बोटं आणि मी. त्यांनी माझी खरी धरली.

त्यातच वस्तू परत ठेवताना माझ्याकडून औषधं आणि सुई-दोरा यांची अदलाबदल झाली होती. दुसऱ्या दिवशी गोळीसाठी हात घातला आणि त्यांच्या बोटाला सुई टोचली. "मीच ठेवलं असेन चुकून," म्हणाल्या. मी ते दुरुस्तही केलं नाही. केलं असतं तर कुणीतरी हात लावला हे उघड झालं असतं ना?

आमच्याकडे स्वयंपाकाला शोभाताई येत. वाघोलीला राहणाऱ्या, मूळच्या यवतमाळकडच्या. त्यांनी ब्रश पाहिला होता, वाळत घातलेले खण ओलांडूनच पोळ्या केल्या होत्या. रक्ताचा तो ठिपका पुसला आणि स्वयंपाकघरात येऊन, कणकेकडे बघत, हळू आवाजात म्हणाल्या, "म्हातारीचे डोये हातात होते, बाई. तुमी त्याईवरबी रंग मारला."

मी म्हटलं, "शोभाताई, त्यांना काही बोलू नका."

"मी कायले बोलू? सांगाचं त तुमी सांगा." त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरचा चहा घेतला नाही. डब्यातून घरून आणत आणि जिन्यात बसून पीत.

मग जे झालं ते हळूहळू झालं. रोज पाहणाऱ्यालाच दिसेल इतकं हळू. मेथी निवडून झाली की विचारू लागल्या, "बघ गं, बरोबर आहे का?" बरोबर असे. तरी विचारत. मग निवडेनाशा झाल्या. पेला हातात दिला की, "पाणीच ना हे?" साडी नेसताना, "ही सुतीच ना?" मी 'हो' म्हणे, आणि त्या म्हणत, "तू म्हणतेस तर असेल." ती धारदार जीभ कुठे गेली? मी टोमण्याला घाबरले होते. आता टोमणा यावा म्हणून मुद्दाम भाजीत मीठ विसरत असे. त्या निमूट जेवत. मीठ त्यांना लागत नव्हतं असं नाही. लागतंय ते खरं असतं, यावरचा विश्वास गेला होता.

माझी नणंद मेधा मेलबर्नला असते. आईंना दिसत नसल्याने ती साधाच फोन करी. एकदा मला म्हणाली, "वहिनी, आई म्हणते कपाट बदललंय. तिला भास होतात का गं?"

मी म्हणाले, "होतात कधी कधी."

तिच्या आग्रहाने आईंना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. आईंनी भराभर सांगितलं. छापखान्यात पानांचे हिशेब केलेलं डोकं होतं ते. डॉक्टर म्हणाले, "वा, आजी! एकदम तल्लख." आई म्हणाल्या, "माझ्या उत्तरांवर जाऊ नका. सुनेला विचारा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. — इथे थांबावंसं वाटतं. — मी सांगितलं की त्यांना घरातलं कपाट बदललंय असं वाटतं. त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. गोळ्या सुरू झाल्या त्या माझ्या त्या वाक्यावर. त्या गोळ्यांनी आई दुपारभर झोपू लागल्या, हात मांडीवर उताणे, रिकामे.

मी सांगायचं ठरवलं नाही, असं नाही. "आई, मी रंग दिला." चार शब्द. कॉलेजच्या बसमध्ये पाठ करीत असे. एकदा त्यांच्या पलंगाशी बसले, हात हातात घेतला आणि म्हटलं, "आई —"

"काय गं?"

"चहा ठेवू?"

कुणी म्हणेल, त्यांना सगळं कळलं असणार. इतक्या हुशार बाई, तुम्हाला सांभाळून घेत असतील. मीही ही कल्पना पुष्कळ दिवस उशाशी घेतली. पण ज्यांना कळलेलं असतं त्या भिंत चाचपत मोरीचा रस्ता विसरत नाहीत. त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि त्या विश्वासाने त्यांना आंधळं केलं, काचबिंदूने केलं नव्हतं इतकं.

पुढच्या पौषात त्या गेल्या. दोन महिन्यांनी मेधा आली. कपाटासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "किती देखणं झालंय हे! कधी रंगवलंस?"

"आई गेल्यावर," मी म्हणाले. "मन रमवायला."

"बरं झालं, नंतर दिलास. तिच्या हाताला हे लागलं असतं तर? आधीच बिचारीला वाटायचं, कपाट बदललंय म्हणून." आणि मेधाने मला जवळ घेतलं. आईचं इतकं केलंस, म्हणाली. मी तिच्या खांद्यावर रडलेदेखील.

एक राहिलं.

जाण्याच्या चार दिवस आधीची सकाळ. आईंना ताप होता. मी कपाळावर ओली पट्टी ठेवत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. कितीतरी महिन्यांनी त्यांची बोटं आपणहून काही शोधायला निघाली होती. त्यांनी माझा तळहात उलटा केला, सुलटा केला. एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत चाचपलं. अंगठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला — तस्सा, वरून खाली.

"कोण?"

"मी, आई. वृंदा."

पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. मग हात सोडला.

"तू म्हणतेस," म्हणाल्या, "तर असशील."

कपाट अजून तिथेच आहे. रंग मी दिला. खाचाही मीच बुजवल्या, चौथ्या खणापासून पुढे जाणूनबुजून.